शेक संपल्यानंतर

(डहाणू येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते माझे पेशंट होते. मी मुंबईत किरणोपचाराचा डॉक्टर म्हणून काम करत होतो, तेव्हाची ही गोष्ट. गुरुजींना जिभेच्या कडेचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं होतं, मानेतल्या गाठी काढल्या होत्या आणि त्यावर तीस दिवसांचा शेक सांगितला होता. जन्मभर शाळेचा हजेरीपट भरलेला माणूस! त्यांनी एका वहीत रेघा मारल्या, तारखा घातल्या, आणि रोज शेक घेऊन बाहेर आले की बाकड्यावर बसून स्वतःची हजेरी मांडायचे. शनिवार-रविवारच्या घरांत तांबडी रेघ. तिसाव्या दिवशी वही माझ्यापुढे धरून म्हणाले, "डॉक्टर, हा पट भरला. पुढचा कसा आखू?"

मी घाईत होतो. बाहेर रांग लागली होती. म्हणालो, "गुरुजी, आता आखायचं काही नाही. संपलं. घरी जा, सुखात राहा."

ते उत्तर चुकलं होतं. आज त्याची दुरुस्ती करायला उभा आहे.

आधी 'शेक' या शब्दाकडे पाहू. किरणोपचाराला तलासरीकडचा माणूस मराठीत शेक म्हणतो आणि गुजरातीतही शेकच म्हणतो. कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'करंट'. वॉर्डाबाहेर ओळखी होतात त्या "तुमच्या किती लाईटी झाल्या?" या प्रश्नावर. शब्द आपुलकीचा आहे, पण फसवा आहे. शेक म्हटलं की चूल आठवते, पाठीला दिलेला गरम विटेचा शेक आठवतो. मग गालाची कातडी काळवंडली, तोंड आतून सोललं की घरचे म्हणतात, उष्णता झाली. सब्जा सुरू होतो, ताक सुरू होतं.

किरणांची मात्रा 'ग्रे' या मापात मोजतात. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून ते आलं. शरीराच्या एक किलो भागाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. तोंड-घशाच्या कॅन्सरवर ऑपरेशन न करता किरणांनीच उपचार करायचा तर साधारण ७० ग्रे लागतात. ऑपरेशननंतर ६० ते ६६. आता ७० ग्रेमध्ये उष्णता किती? तेवढ्या ऊर्जेने पाणी तापवलं तर ते एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं तापेल. कोऱ्या चहाच्या एका घोटात याहून कितीतरी जास्त ऊब असते. पण हेच किरण सगळ्या अंगावर एकाच वेळी चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाला नाही, तर निम्मी माणसं दगावतील. म्हणजे काम उष्णतेचं नाही. किरण पेशीच्या गाभ्यातला डीएनए तोडतो. पेशी त्या दिवशी दिसायला जशीच्या तशी असते. ती मरते पुढे, स्वतःचे दोन भाग करायला जाते तेव्हा. भराभर वाढणाऱ्या पेशी लवकर उघड्या पडतात, हळू वाढणाऱ्या उशिरा. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात मावतं: नुकसान एकाच दिवशी होतं, पण ते दिसण्याच्या तारखा वेगवेगळ्या असतात.

आपल्याकडे किरण या शब्दाची भीती जरा जास्तच आहे, आणि तिला कारणही आहे. डहाणूहून मुंबईला निघालं की वाणगावनंतर बोईसर येतं. त्या बाजूला तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं, १९६९ मध्ये सुरू झालेलं. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२ पासून तेही अणुऊर्जा खात्याकडेच आहे. एकाच खात्याची एक पाटी बोईसरला भीती घालते आणि दुसरी परळला जीव वाचवते, असं मला एका खलाशाने ऐकवलं होतं. त्याला म्हटलं, फरक एवढाच की परळच्या खोलीत प्रत्येक ग्रेचा हिशोब लिहिलेला असतो: कुठे, किती आणि किती दिवसांत.

'किती' हे कळलं. 'किती दिवसांत' हे त्याहून अवघड. ७० ग्रे एकदम का देत नाहीत? रोज दोन-दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे एवढा खटाटोप कशाला? १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो या शास्त्रज्ञाने मेंढ्यांवर प्रयोग केले. एका दमात मोठी मात्रा दिली की मेंढ्याची कातडी जळायची, तरीही तो पुरता निर्बीज होत नसे. तीच मात्रा वाटून दिली की निर्बीज व्हायचा आणि कातडी टिकायची. त्याचा सहकारी आंरी कुतार याने ही वाटणी माणसाच्या घशाच्या कॅन्सरवर चालवून दाखवली. तुमच्या-आमच्या तीस-पस्तीस लाईटी तिथून आल्या. दोन लाईटींच्या मधल्या वेळात चांगली पेशी आपली मोडतोड बरीचशी दुरुस्त करते, कॅन्सरच्या पेशीला ती तितकी साधत नाही. रोजचा हप्ता मोठा केला तर सगळ्यात जास्त किंमत हाड, स्नायू, नसा यांना मोजावी लागते, आणि ती उशिरा मोजावी लागते. म्हणून हप्ता लहान.

पण हप्ते लांबवूनही चालत नाही. इथे भातशेती करणारी माणसं बसली आहेत, त्यांना हे माझ्याहून चांगलं कळेल. आवणी झाली, पाऊस लागला, बेणणी सुरू झाली. अर्धं शेत बेणून तुम्ही आठवडाभर लग्नाला गेलात, तर परत आल्यावर शेत कसं दिसतं? जिथे तण उपटून जागा मोकळी झाली तिथे उरलेलं तण दुप्पट जोमाने येतं. कॅन्सरचंही तसंच. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढू लागतात. तिथून पुढे वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार ताब्यात येण्याची शक्यता टक्का-दीड टक्क्याने घसरते. उलट डेन्मार्कमधल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला पाचाऐवजी सहा लाईटी देऊन उपचाराचा एक आठवडा वाचवला. २००३ मध्ये आकडे छापून आले: पाच वर्षांनी आजार ताब्यात असलेली माणसं ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेली. मात्रा तीच, औषध नवं नाही, खर्च तोच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हाच प्रयोग आपल्यासारख्या देशांतल्या नऊ केंद्रांत केला. तिथेही ३० टक्क्यांचे ४२ टक्के झाले.

आता हे शास्त्र डहाणू रोडच्या प्लॅटफॉर्मवर आणून उभं करा. चर्चगेट १२४ किलोमीटर. दादरला उतरलं तरी एका बाजूचे एकशे दहाच्या वर. रोज जाऊन-येऊन पस्तीस दिवस म्हणजे आठ हजार किलोमीटरच्या घरात. काश्मीरहून कन्याकुमारीला जाऊन परत यावं एवढा प्रवास, तोही तोंडात फोड, नाकात नळी आणि पोटात भाताची पेज अशा अवस्थेत. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि मोठी सोय झाली. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी आज माहीत करून घ्यावं. पण सायवन किंवा उधव्याच्या माणसाला स्टेशन गाठायलाच दोन वाहनं लागतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगत आलो: रोज ये-जा करू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा ठिकाणी राहण्याची सोय आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, किरणोपचारही बसतो. बसत नाही ती बुडालेली मजुरी.

लाईटी का बुडतात? माझ्याकडे येणाऱ्या डहाणू-तलासरीच्या पेशंटची कारणं जवळजवळ ठरलेली. जुलै लागला की आवणी. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा. दिवाळीनंतर वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेली, तो माणूस न्यायला येतो. बोटीवर गेलेला मुलगा पैसे घेऊन परतलेला नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे चौथा आठवडा. तोंड आतून पूर्ण सोललेलं असतं, पाणीही झोंबतं, आणि गाठ मात्र बरीच विरघळलेली दिसते. माणूस म्हणतो, आजार गेला, आता त्रास कशाला? नेमक्या तिथेच, जिथे तण जोर धरतं तिथेच, तो घरी निघून जातो. मी रागावायचो. फार उशिरा कळलं की त्याला चौथ्या आठवड्याची गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी होती.

लाईटी कमी करता येतील का? अलीकडे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्याच दुसऱ्या एका चाचणीत ३३ ऐवजी २० लाईटींत ५५ ग्रे देऊन पाहिले. हप्ता थोडा मोठा, दिवस कमी. आजार ताब्यात ठेवण्यात ही रीत कमी पडली नाही. परळहून बघताना हा तेरा दिवसांचा फरक कागदावरचा वाटतो. सायवनहून बघा, तेरा दिवसांची मजुरी दिसते. मात्राच कमी करण्याचाही विचार जगभर चालू आहे. पण तो मुख्यतः विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरपुरता, आणि तिथेही २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७० चे ६० ग्रे करणं महागात पडलं. आपला आजार तंबाखूचा. चंचीतली तंबाखू चुन्यासोबत मळून गाल आणि हिरडीच्या मधल्या ज्या खाचेत ठेवतात, गाठ त्याच खाचेत येते. बायकांना मिश्रीने होते, पोरांना गुटख्याने. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदी घातली. ती किती पाळली जाते हे महामार्गावरच्या टपऱ्यांना विचारा. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूर न होणारी तंबाखू वापरत होते, ओढणारे फक्त ३.८ टक्के. आपल्या राज्याचा कॅन्सर फुप्फुसापेक्षा तोंडात जास्त का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. या आजाराला मात्रेत सूट नाही.

मात्रेचं मोल औषधातही कळतं. शेकासोबत सिस्प्लॅटिन नावाचं औषध देतात, त्याने किरणांना धार येते. परळलाच तीनशे पेशंटवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ७३ टक्क्यांचा आजार ताब्यात होता. दर आठवड्याला लहान डोस घेतलेल्यांत ५८.५ टक्के. पण मोठ्या डोसाने कानांना, किडनीला जास्त त्रास झाला. नंतर जपानी डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या पेशंटना आठवड्याचा डोस थोडा वाढवून दिला आणि तो मोठ्या डोसाच्या बरोबरीला आल्याचं दाखवलं. कमी मात्रेत आजार परततो, जास्त मात्रेत माणूस झिजतो. आमचा सगळा धंदा या दोन वाक्यांच्या मधल्या अरुंद बांधावरून चालण्याचा आहे.

त्या बांधावर पेशंटलाही काही करता येतं. ज्या ग्रेसाहेबांच्या नावाने माप आहे, त्यांनीच १९५३ मध्ये दाखवलं की प्राणवायू कमी असलेल्या गाठीवर किरणांचा परिणाम घटतो. अंगात रक्त कमी असलं, शेक चालू असताना बिडी चालू राहिली, की तेच होतं. म्हणून हिमोग्लोबिन तपासायचं आणि बिडी विझवायची. हे उपदेश म्हणून सांगत नाही. तो मात्रेचाच भाग आहे.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो. तीस दिवस संपले. तोंडाची सोलवट दीड-दोन महिन्यांत भरली. चव वर्षभरात बरीचशी परतली. हे लवकरचे त्रास, भराभर वाढणाऱ्या पेशींचे. ते जसे येतात तसे जातात. तीन महिन्यांनंतर जे उरतं किंवा नव्याने येतं, त्याला आम्ही उशिराचे परिणाम म्हणतो, आणि त्यांची वाट पाहायला तेव्हा कुणी डॉक्टर शेजारी नसतो.

पहिली जाते ती लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जेवताना पाणीदार लाळ देणारी मोठी ग्रंथी कानापुढे असते. तिला सरासरी पंचवीस-सव्वीस ग्रेच्या वर मात्रा गेली की ती बहुधा पूर्वपदाला येत नाही. जुन्या यंत्रांत दोन्ही बाजूंनी चौकोनी झोत पडायचा आणि दोन्ही ग्रंथी भाजून निघायच्या. आता आयएमआरटी या पद्धतीत झोताला आकार देऊन ग्रंथी वाचवतात. इंग्लंडमधल्या चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरड असणारे जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, नव्या पद्धतीत ३८. परळच्या साठ पेशंटच्या चाचणीतही उपचार चालू असतानाचा लाळेचा त्रास ८९ वरून ५९ टक्क्यांवर आला. फरक मोठा आहे, पण या उरलेल्या टक्क्यांतही माणसंच असतात. गुरुजी म्हणायचे, तांदळाची भाकरी तोंडात गेली की खडूची भुकटी होते. नागलीची आंबील जाते. सुका बोंबील जात नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवल्याशिवाय त्यांना धडा शिकवता येत नसे.

लाळ गेली की तिच्यामागे दात जातात. लाळ दात धुते, आम्ल मारते. ती नसली की हिरडीलगत दात पोखरतो आणि काडीसारखा मोडतो. इथे आपल्या चिकूबद्दल बोलणं भाग आहे, घोलवडच्या बागायतदारांची माफी मागून. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याला त्याचा अभिमान आहे. शेक घेतलेल्या माणसाला तो मऊ म्हणून सगळे देतात, आणि गिळायला तो खरंच सोपा. पण गोड आणि चिकट. खाऊन तसंच झोपलं तर कोरड्या तोंडात साखर रात्रभर दाताला बसते. गोड कोऱ्या चहाचंही तेच. चिकू खा, खाऊन लगेच चूळ भरा. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-सहा वेळा. फ्लोराईडची पेस्ट किंवा जेल डेंटिस्टकडून लिहून घ्या. हे जन्मभर.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. किरण पडलेल्या जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षागणिक आकसत जातात. आपल्याकडच्या गाठी गाल-हिरडीत, खालच्या जबड्याला चिकटून, त्यामुळे त्या हाडाला जवळजवळ पूर्ण मात्रा बसते. पाच वर्षांनी दाढ दुखली आणि गावातल्या दवाखान्यात ती उपटली, तर ती जखम भरायला लागणारा रक्तपुरवठाच तिथे नसतो. हाड उघडं पडतं, सडतं, हनुवटीखालून पू वाहतो. हे शेकडा पाच-सहा जणांच्या वाट्याला येतं. गुरुजींच्या वाट्याला आलं. दाढ काढून घेतल्यावर चार महिन्यांनी ते माझ्याकडे आले, तेव्हा हाड दिसत होतं. दाढ काढणाऱ्याचा दोष नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण गुरुजींच्या हातात कागदच नव्हता, कारण तो मी दिलेला नव्हता. त्यांच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला. पुढे ते आणखी सहा वर्षं जगले आणि कॅन्सरने गेले नाहीत, हे माझं समाधान. पण ती सहा वर्षं त्यांनी पेज पिऊन काढली.

म्हणून दोन गोष्टी पाठ करा. शेक सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे दात तपासून घ्यायचे. जे वाचणार नाहीत ते तेव्हाच काढायचे. शेक झाल्यानंतर त्या बाजूचा दात, कितीही दुखला तरी, शेक दिलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. रूट कॅनाल करून तो जागच्या जागी ठेवता येतो.

आता सगळ्यांनी उजव्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा. हसू नका, घाला. तिन्ही गेली ना? निरोगी तोंड तेवढं उघडतं. साडेतीन सेंटिमीटरपेक्षा कमी उघडलं तर जबडा आवळला, असं आम्ही धरतो. सुपारीने ते आधीच कमी झालेलं असतं, वरून ऑपरेशन, वरून शेक. स्नायूंची दोरी होते.   एकदा दोरी झाली की औषधाने सैल होत नाही. रोज ताणलं तरच ती सैल राहते. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला एक वाढवायची. शेक चालू असतानाच सुरू करायचं, संपण्याची वाट पाहायची नाही.

बाकीचं झटपट सांगतो. मानेला शेक मिळालेल्यांपैकी तिघांत एकाची, कधी त्याहून जास्त जणांची, थायरॉईड ग्रंथी पुढच्या काही वर्षांत मंदावते. माणूस सुस्त होतो, अंग जड होतं, थंडी वाजते, कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात, कॅन्सरने खचला. रक्ताची एक तपासणी आणि रोजची एक स्वस्त गोळी, एवढ्याने तो उठून कामाला लागतो. दर सहा-बारा महिन्यांनी ती तपासणी हवी. गिळताना ठसका लागू लागला, वारंवार ताप-खोकला येऊ लागला, तर अन्न श्वासनळीत जात असेल, आणि कधी कधी ते ठसक्याविनाही जातं. मान-खांदा आखडतो, त्याला व्यायाम लागतो. मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, म्हणून रक्तदाब सांभाळायचा. आणि ज्याने तंबाखू सोडली नाही, त्याला दुसरा कॅन्सर नव्याने होऊ शकतो. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोन सेवा आहे, १८००-११-२३५६.

कुणी विचारेल, इतकी किंमत असेल तर शेक घ्यावा का? घ्यावा. सांगितला असेल तर पूर्ण घ्यावा. न घेतल्याची किंमत मी पाहिली आहे. ती मांडायला वही लागत नाही. पण सगळ्यात चांगली मात्रा म्हणजे शून्य मात्रा, आणि तीही मिळू शकते. लहान गाठ वेळेवर सापडली तर बहुतेक वेळा ऑपरेशनवर भागतं. केरळमध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, बॅटरी धरून लोकांची तोंडं तपासली. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. लागलं काय? बॅटरी, दोन डोळे आणि शिकवलेला माणूस. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारं तोंड: यासाठी मुंबईला जावं लागत नाही.

इथेच मला या मातीतली एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि पुढे ते केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांना दिसलं की आदिवासी मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरं राखतं. त्यांनी मुलाला दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. बालवाडी अंगणात नेली. आम्ही डॉक्टर मात्र अजून पेशंटलाच दोष देतो: "फॉलोअपला येत नाहीत हो हे लोक." एकशे दहा किलोमीटरवरून, एका दिवसाची मजुरी बुडवून, पाच मिनिटांसाठी तो का येईल? मी आज जे सांगितलं त्यातलं जवळजवळ सगळं पाड्यावर होण्यासारखं आहे. तीन बोटं आशाताई मोजू शकते. वजन अंगणवाडीच्या काट्यावर होतं. थायरॉईडचं रक्त जवळच्या सरकारी रुग्णालयातून तपासणीला जाऊ शकतं. दाताच्या डॉक्टरला दाखवायचा कागद खिशात मावतो. मुंबईला जायचं ते नवी गाठ, न भरणारी जखम, उघडं हाड किंवा गिळण्याचा त्रास दिसला तर.

तर गुरुजी, पुढचा पट असा आखू. डावीकडे महिने, वर रकाने पाच: तोंड किती बोटं उघडतं, वजन, दात पाहिले का, थायरॉईड तपासली का, तंबाखू. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, किती ग्रे, कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेपर्यंत, आणि खाली एक ओळ: 'विचारल्याशिवाय दात काढू नये.' पहिल्या वर्षी दर महिन्याला एक ओळ, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. पट बंद करण्याची तारीख नाही.

या पटाच्या प्रती मी सोबत आणल्या आहेत, बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरात शेक घेतलेलं माणूस आहे त्यांनी एक घेऊन जावी आणि आज रात्री जेवणाआधी पहिला रकाना भरावा. तीन बोटं, एवढंच.